मिल्क बँकेच्या दुधात उपयुक्त जीवाणू उरतात का?

सायली_पुणे:
माझी भाची आठव्या महिन्यात जन्मली असून सध्या एनआयसीयूमध्ये (नवजात अतिदक्षता विभागात) आहे. वहिनींना अजून पुरेसे दूध येत नसल्यामुळे तिला मिल्क बँकेतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेले, पाश्चराइज केलेले दूध दिले जाते. आईच्या दुधातील जीवाणू बाळाला संसर्गापासून वाचवतात असे वाचले. तापवलेल्या दुधात ते उरतात का? नसल्यास दुकानातील प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जीवाणूंची) पावडर द्यावी का?

मंदार_सूक्ष्मजीव:
सायलीताई, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवलेल्या दुधात हे जीवाणू जिवंत राहत नाहीत. निरोगी आईचे दूध निर्जंतुक असते असाच समज पूर्वी होता. २००३ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू असल्याचे दाखवले. मात्र दुधातील ऑलिगोसॅकराइड्स या शर्करा तापवल्यावरही टिकतात. त्या बाळाला पचत नाहीत, पण आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जीवाणू त्यांवर वाढतात आणि आम्ले तयार करून रोगजंतूंना तेथे जम बसवणे अवघड करतात. शिवाय काही रोगजंतू आतड्याच्या आवरणाला चिकटण्याऐवजी या शर्करांनाच चिकटतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. त्यामुळे बँकेचे दूध निरुपयोगी मुळीच नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी बँक सुरू केली, ती कमी दिवसांच्या बाळांसाठीच.

वैशाली_परिचारिका:
वहिनींना रोज ठरावीक अंतराने, रात्रीही, दूध काढत राहायला सांगा. चीक थेंबभर निघाला तरी तो परिचारिकेकडे द्यावा; त्यात जिवंत जीवाणूंबरोबर प्रतिपिंडेही भरपूर असतात. दूध कमी येते म्हणून त्यांना कोणी बोल लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

डॉ_निओ:
पावडर स्वतःहून कृपया देऊ नका. ओडिशातील ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जीवाणू आणि त्याला पोषक शर्करा सात दिवस दिल्यावर सेप्सिस (शरीरभर पसरणारा गंभीर संसर्ग) किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. निष्कर्ष फार मोलाचा आहे, परंतु ती बाळे किमान ३५ आठवड्यांची आणि दोन किलो वजनाची होती, आणि वापरलेला जीवाणूही नेमका निवडलेला होता. दुकानातील प्रत्येक पावडरीला तो निष्कर्ष लागू होत नाही. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळात प्रोबायोटिकमधील जीवाणू रक्तात शिरू शकतात. अशा एका मृत्यूनंतर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. आपल्या बाळाचे वजन आणि आठवडे पाहून हा निर्णय तेथील नवजात तज्ज्ञांनीच घ्यावा.