नुसत्या कॅल्शियमने भागत नाही
वर कुणीतरी विचारलंय की आईचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या तपासणीतला आकडा) उणे २.८ आलाय तर कॅल्शियमच्या गोळ्या पुरतील का. नाही पुरत हो, उणे २.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), औषधाचं डॉक्टरांशी बोलाच. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची झीज रोखणारी गोळी अ‍ॅलेन्ड्रोनेट दिली तर सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही (इथेच बरेचजण गडबडतात), कॅल्शियम नंतर. हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब इंजेक्शन असेल तर तारीख चुकवू नका, मनाने बंद तर अजिबातच नको, हाडं झपाट्याने विरळ होऊन मणके फ्रॅक्चर होऊ शकतात. आणि आई पडू नये म्हणून बाथरूममधलं ते सरकणारं पायपुसणं आधी उचला, धरायला दांडा बसवा.