सरासरी मापाचे झब्बे कुणालाच का बसेनात?

वडगावची शिवणवाली
वडगावात घरीच शिवणकाम करते, एकोणीस वर्षं झाली. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी गल्लीतल्या बायकांच्या लेझीम पथकाची ऑर्डर आली, 24 पांढरे झब्बे. हातात दिवस चार. मापं सगळ्यांची घेतली, पण 24 वेगळी कटिंग कोण करत बसणार? लेक बीकॉमला आहे, ती म्हणाली, "आई, सरासरी काढू की." छाती 36, खांदा 14. थरावर थर लावून एकदम कापलं. काल आठ जणी घालून बघायला आल्या, आठींनाही बसेना. कुणाला मुंढ्यात आवळतोय, कुणाचा खांदा खाली उतरतोय. बेरीज दोनदा तपासली, बरोबर आहे. मग चुकलं कुठं ओ?

टिळकवाडीचा गणितमास्तर
ताई, वही उघडा. छाती 35 ते 37 अशा किती जणी?

वडगावची शिवणवाली
अगंबाई, एकपण नाही! पंधरा पोरी कॉलेजच्या, 33 च्या आसपास. बाकीच्या नऊ आम्ही बायका, 41 च्या घरातल्या.

टिळकवाडीचा गणितमास्तर
म्हणजे दोन घोळक्यांच्या मधे जी मोकळी जागा, तिथं तुमची सरासरी जाऊन बसली. पण सगळ्या पोरीच असत्या तरी फार काही साधलं नसतं. अमेरिकेच्या हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स म्हणून एकजण होता. त्यानं 4063 जणांची मापं तपासली, तीही कपड्यांच्या उपयोगाची दहा. मधल्या 30 टक्क्यांत असेल तो 'सरासरी', अशी ढिली व्याख्या धरली. दहाही मापांत बसणारा एकही निघाला नाही! नुसती मान, मांडी, मनगट घेतलं तरी साडेतीन टक्केसुद्धा भरेनात. हा अहवाल 1952 चा. छातीनं मधला असला तरी त्याचा हात लांब निघतो, हात बरोबर असला तर मान जाड. तुमच्या 24 जणी सगळ्या पोरीच धरल्या, तरी छातीनं मधल्या अशा सात सापडतील, त्यातल्या खांद्यालाही जुळणाऱ्या दोन-तीन. बाही मोजेपर्यंत हातात काय उरतंय बघा. पुढं विमानातली सीट आणि पट्टे मागंपुढं करता येतील असे केले, माणूस कापता येत नाही म्हणून.

निपाणीचा कटर
मास्तरांचं खरं, पण मिरवणूक थांबणार नाही. पोरींचे बाजूनं आवळा, ते सोपं. नऊ जणींच्या शिवणी उसवून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचाची कळी जोडा. खांद्याला मात्र ज्याचं त्याचंच माप. छाती सावरता येते, खांदा बिघडला की झब्बा गेला.

वडगावची शिवणवाली
पांढरं कापड संपलं होतं, फेट्याचं भगवं उरलेलं, त्याच्याच कळ्या घातल्या. रात्री दोन वाजले. आता त्या पंधरा पोरी भांडायल्यात, आम्हाला भगवी कळी का नाही म्हणून.