शब्दचर्चा: क्विल्टमधलं 'शर्टिंग' आणि कापडाची 'जमीन'

विचारणा: जुन्या अमेरिकन क्विल्टांच्या (कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्यांच्या) वर्णनात 'शर्टिंग' हा शब्द सारखा येतो. सूटिंग-शर्टिंगच्या दुकानात मिळतं तेच का हे? आणि 'लाइट बॅकग्राउंड'ला मराठीत काय म्हणायचं? कापडाची 'पार्श्वभूमी' कानाला खटकते.

प्रतिसाद: नाव तेच, पण अर्थ नेमका. आपल्याकडे शर्टाचं कुठलंही कापड शर्टिंगच. क्विल्टवाल्यांचं शर्टिंग म्हणजे पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या सुती कापडावर काळी, निळी, तांबडी बारीक छपाई: ठिपके, रेघा, जहाजाचे चिमुकले नांगर, घोड्याचे नाल. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सदऱ्यांसाठी ते भरपूर छापलं जाई आणि तुकडे क्विल्टमध्ये जात. लांबून नुसतं पांढरं वाटतं, नक्षी जवळ गेल्यावरच कळते. आज त्याच नमुन्यांची नवी छपाई मिळते.

बॅकग्राउंडला सरळ 'जमीन' म्हणा. 'पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्टी' म्हटलं की काम झालं.

प्रतिसाद: 'जमीन'च हवी. पांढऱ्या जमिनीची आवड तर फार जुनी. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेला लिहिलं होतं की लाल जमिनीच्या रजया इथे फारशा पसंत पडत नाहीत, यापुढे पांढरी जमीन जास्त ठेवा आणि फुलं-फांद्या रंगीत काढा. अशा कापडांची इंग्रजी नावंही इथलीच: 'पॅलमपोर' म्हणजे आपला पलंगपोस, आणि 'चिंट्झ' म्हणजे छींट, आपलं चीट, म्हणजे छापील सुती कापड.

विचारणा: मग शर्टिंगला 'पांढऱ्या जमिनीचं चीट' म्हटलं तर?

प्रतिसाद: नको. क्विल्टच्या जगात चिंट्झ म्हटलं की मोठ्या फुलांचं, बहुधा तकाकीचं कापड डोळ्यापुढे येतं, घोटाळा होईल. 'शर्टिंग'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'पांढऱ्या जमिनीवर बारीक छपाईचं' एवढं जोडा.

शिवणार असाल तर शिवणीची माया (शिवणीपलीकडे सोडलेली कापडाची कड) इस्त्रीने गडद तुकड्याकडे वळवा. शर्टिंगखाली गेली तर वरून सावली दिसते. गडद लाल कापड आधी धुऊन बघा, रंग सुटला तर पहिला डाग शर्टिंगवरच. जुन्या क्विल्टांची दुरुस्ती मात्र बहुतेक गडद भागातच लागते: रंग पक्का बसावा म्हणून लोहाचा क्षार वापरून चढवलेल्या तपकिरी रंगाने तिथलं सूत खाल्लेलं असतं, कापड झडून आतला कापूस दिसतो आणि शेजारचं शर्टिंग धडधाकट असतं.