मदत हवी आहे : आख्ख्या बीमातून दीडच टॉवेल कसा निघतो?

टेरीवाला_सोलापूर : नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. बीम (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ) २.१ किलोमीटरचे असून नगाची लांबी १४०० आहे. १०^३ ने गुणून १४०० ने भागले, तर उत्तर १.५ येते. खरेदीदाराला आज संध्याकाळपर्यंत नगसंख्या कळवायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

गणित_मास्तर : १४०० काय? एकक लिहिलेलेच नाही.

टेरीवाला_सोलापूर : मिलिमीटरच असणार; सेंटिमीटर धरले तर १४ मीटर होतात, एवढा टॉवेल कोण वापरतो?

गणित_मास्तर : तुम्ही जे गृहीत धरले, तेच गणितातून निसटले आहे. १०^३ ने गुणल्यावर किलोमीटरचे मीटर झाले आणि त्या मीटरांना तुम्ही मिलिमीटरांनी भागले. किलोचा घातांक ३ आणि मिलीचा उणे ३; ज्या एककातून निघालो त्याच्या घातांकातून ज्यात पोहोचायचे त्याचा घातांक वजा करावा, म्हणजे ३ − (−३) = ६. म्हणून बीम २.१ × १०^६ मिलिमीटर, नग १.४ × १०^३ मिलिमीटर आणि भागाकार १.५ × १०^३, अर्थात १५०० नग.

जुना_मागवाला : एवढे घातांक कशाला? नग ५५ इंचांचा धरावा, आमची हयात इंचावरच गेली.

गणित_मास्तर : एका इंचाचे २५.४ मिलिमीटर होतात, त्यामुळे दर वेळी नवा गुणाकार करावा लागतो. मीटरच्या कुटुंबात नुसते दशांशचिन्ह सरकते.

कापड_अभ्यासक : जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) काढताना मात्र घातांक दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवावे. एका चौरस मीटरमध्ये १०^६ चौरस मिलिमीटर असतात, १०^३ नव्हेत.

टेरीवाला_सोलापूर : जीएसएम मी विचारलेलेच नाही. १५०० कळवले आहेत, आभार.

जुना_मागवाला : थांबा, बीम ग्राउंडचे की पाईलचे? टेरीला, म्हणजे फाशांच्या टॉवेल-कापडाला, दोन बीम लागतात, पायाच्या विणीचे ग्राउंड आणि फाशांचे पाईल; आणि फासे उभे राहायचे म्हणून पाईलचा ताणा कापडाच्या कित्येक पट खर्ची पडतो. ग्राउंडचे असले, तरी विणताना ताणा थोडा आखडतोच.

टेरीवाला_सोलापूर : पाईलचे आहे. आमच्या मालात एका मीटर कापडाला पाईलचा पाच मीटर ताणा जातो. म्हणजे काठांचा हिशेब सोडला, तरी नगाला ७ × १०^३ मिलिमीटर लागतात आणि नग ३०० च निघतात. खरेदीदाराला आता पुन्हा फोन करावा लागणार.