मदत हवी आहे: प्राइड यात्रेसाठी सहा पट्ट्यांचा झेंडा की त्रिकोणाचा?

आमच्या पुण्यातल्या छोट्या गटाला यंदाच्या प्राइड यात्रेसाठी (LGBTQ+ लोकांच्या अभिमान यात्रेसाठी) मोठा कापडी झेंडा शिवून घ्यायचा आहे. साधा सहा पट्ट्यांचा इंद्रधनुषी, की डावीकडे रंगीत त्रिकोण असलेला नवा? कोणता, यावर गटात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडची माणसं जिवाभावाची आहेत.

काही जण म्हणतात, इंद्रधनुष्यात सगळे आलेच. हा झेंडा रचणाऱ्या गिल्बर्ट बेकर यांनी रंग कुणा गटाला वाटून दिलेच नव्हते. ते खरंच आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत फडकलेल्या झेंड्यात लाल म्हणजे जीवन, पिवळा म्हणजे ऊन, हिरवा म्हणजे निसर्ग असे अर्थ होते. पण "मूळ झेंड्याला हात लावू नका" हे मला पटत नाही. मुळात पट्टे आठ होते! गडद गुलाबी कापड मिळेना म्हणून तो पट्टा गेला, १९७९ पर्यंत आणखी एक कमी होऊन सहा उरले.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काळा आणि तपकिरी पट्टा जोडला गेला, कारण तिथल्या गे बारमध्येच कृष्णवर्णीयांना दुजाभाव सोसावा लागत होता. पुढच्या वर्षी डॅनियल क्वेझार यांनी ते दोन आणि ट्रान्स झेंड्याचे तीन रंग बाणासारखे डावीकडे बसवले. २०२१ मध्ये वॅलेंटिनो वेकिएटी यांनी त्यात इंटरसेक्स (जन्मतःच ज्यांचं शरीर स्त्री-पुरुष या ठरावीक चौकटीत बसत नाही अशा) लोकांच्या झेंड्याचं पिवळ्यावरचं जांभळं वर्तुळ आणलं. आमच्या ट्रान्स मैत्रिणीला हाच हवाय. रस्त्यावरचे टोमणे, भाड्याने घर न मिळणं, हे सगळ्यात आधी तिच्या वाट्याला येतं. तिचे रंग ठळक दिसलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

खरं अडलंय ते पुढे. एक दलित मित्र विचारतो, काळा-तपकिरी पट्टा तिकडच्या वर्णभेदावर आला. इकडे आपल्याच लोकांत जात पाळली जाते, तिचं काय? त्याला निळा पट्टा हवा आहे. दुसरी एक मैत्रीण, तीही आंबेडकरवादी, म्हणते की निळा झेंडा स्वतंत्रच धरावा, इतर रंगांत विरघळवू नये. मला दोघांचंही पटतं.

तुमच्या गटात हा विषय निघाला होता का? काय ठरवलंत? निळा जोडलाच, तर आधीच्या निळ्या पट्ट्यापासून वेगळा कसा दाखवावा?

शिवणकामाचंही सांगा. टेलरकाका म्हणतात, त्रिकोणाच्या टोकाला चुण्या पडतील आणि वर्तुळ वरून लावावं लागेल. सॅटिन घ्यावं की पॉपलिन? झेंडा दोन्ही बाजूंनी नीट दिसायला हवा. फ्लेक्स नकोय. कुणी शिवून घेतला असेल तर फोटो टाका, फक्त चेहरे झाकून.