शब्द एकटा पाठ करू नये

पदवीच्या पहिल्या वर्षात इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी रोज वीस नवे शब्द अर्थासह पाठ करावेत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते. विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची (म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केली. ती उपयुक्त आहेच, परंतु ‘रिसर्च’चा अर्थ ठाऊक असलेला विद्यार्थीही ‘डू’, ‘मेक’ की ‘कंडक्ट’ यापाशी अडतो, कारण शब्दाचे सोबती त्याने कधी पाहिलेलेच नसतात.

आपल्या मुलांची अडचण मला वह्या तपासताना स्पष्ट दिसते. मराठीत आपण लक्ष ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अटेन्शन’ लिहिले जाते, तिथे इंग्रजीला ‘पे’ हवे असते. परीक्षाही आपण ‘देतो’; ‘गिव्ह अ‍ॅन एग्झॅम’ भारतात सर्रास चालते, पण ब्रिटिश वाचकाला ‘टेक’ किंवा ‘सिट’ अपेक्षित असते. निष्कर्ष मात्र आपण काढतो आणि इंग्रजीही ‘ड्रॉ’ करते, त्यामुळे तिथे चूक कमी होते. पाऊस मुसळधारच पडतो आणि चहा कडकच होतो, हे आपल्याला कोणी शिकवले नव्हते. ते कानावर पडत गेले. इंग्रजीत तो कान तयार नसल्यामुळे वाचताना प्रत्येक नामाच्या आधीचे क्रियापद आणि विशेषण अधोरेखित करावे, आणि वहीत ‘एव्हिडन्स’ असे एकटे न लिहिता ‘प्रोव्हाइड एव्हिडन्स’, ‘स्ट्राँग एव्हिडन्स’ अशी जोडीच उतरवावी.