‘ऑक्सिजनचे क्षपण’ म्हणजे ऑक्सिजनचा ऱ्हास?

निळी शाई : इंधनघटांवरचा (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या घटांवरचा) लेख मराठीत आणतेय. ‘प्लॅटिनमवर ऑक्सिजनचे क्षपण होऊन पाणी बनते’ असं लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी ‘क्षपण’ खोडून ‘ऱ्हास’ केलं. मी शाळेत शिकले ते क्षपण, म्हणजे इंग्रजीतलं रिडक्शन, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं. पण खुद्द ऑक्सिजनमधून ऑक्सिजन कसा काढणार? दुसरा शब्द आहे का?

ताम्रपट : ‘ऱ्हास’ साफ चूक. रिडक्शनचं लॅटिन मूळ ‘मागे नेणे’, म्हणजे भस्मातून (धातूच्या ऑक्साइडमधून) धातू परत मिळवणे. आपण मात्र क्षयाच्या कुळातला शब्द घेतला. ऑक्सिजन गेला की भस्माचं वजन घटतं, त्यावरून तो सुचला असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं.

अनुस्वार : वजन कशाला? घटतो तो ऑक्सिडीभवन अंक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा हिशोब. ऑक्सिजन 0, पेरॉक्साइडमध्ये −1, पाण्यात −2. दर पायरीला इलेक्ट्रॉन येतात आणि अंक उतरतो. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळणं, नुसतं ऑक्सिजन काढणं नव्हे; शब्द अगदी चपखल आहे.

पारा : मी पाऱ्याच्या थेंबावर हे कित्येकदा मोजलंय. आलेखात दोन पायऱ्या सरळ दिसतात, आधी पेरॉक्साइड, मग पाणी. नको असेल तेव्हा द्रावणात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा. आम्ही ‘ऑक्सिजन रिड्यूस होतो’ म्हणायचो. प्रयोगशाळेत ‘क्षपण’ मी एकदाही ऐकलं नाही.

ताम्रपट : ऐकलं नाही कारण कोणी उच्चारलंच नाही! वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

पारा : रुळवा की. पण आम्लात सोन्यावर ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेऊन बहुतेक पेरॉक्साइडपाशीच थांबतो, प्लॅटिनमवर चार घेऊन पाण्यापर्यंत जातो. दोन्हींना नुसतं ‘क्षपण’ म्हटलं तर लेखाचा गाभाच निसटेल.

अनुस्वार : ‘द्वि-इलेक्ट्रॉन क्षपण’, ‘चतुरिलेक्ट्रॉन क्षपण’.

पारा : ‘चतुरिलेक्ट्रॉन’ मोठ्यांदा वाचून बघा एकदा. ‘दोन इलेक्ट्रॉनी’, ‘चार इलेक्ट्रॉनी’ पुरे.

निळी शाई : हे आवडलं. पुढचं वाक्य ‘ही क्रिया ऋणाग्रावर होते’ असं आहे.

अनुस्वार : थांबा! इंधनघटात कॅथोड, म्हणजे जिथे क्षपण होतं ते टोक, धन असतं. ऋणाग्र लिहिलंत तर तारा उलट्या जोडल्या जातील.

ताम्रपट : पाठ्यपुस्तकांत कॅथोडला ऋणाग्रच म्हणतात.

अनुस्वार : विद्युत अपघटनापुरतं (वीज सोडून पदार्थाचं विघटन करताना) ते ठीक आहे. इथे ‘क्षपणाग्र’ म्हणावं, विद्युतप्रभार कोणताही असो.

पारा : कॅथोड म्हणा ना सरळ.

ताम्रपट : मग इलेक्ट्रॉनी कशाला, सगळाच लेख इंग्रजीत ठेवा.